गडहिंग्लजची २०१६ ची आर-थ्री, एमएच ०९ पासिंग, १ लाख ६५ हजार : घेऊ का?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी गडहिंग्लजला एक गाडी बघायला जायचं ठरलंय. मालक म्हणतो, आवडली तर टोकन देऊनच जा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. टोकन द्यायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

यामाहा आर-थ्री बाइक, २०१६ ची, निळी. एमएच ०९ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर २१,४०० किलोमीटर. मागतोय १ लाख ६५ हजार. विमा गेल्या मार्चमध्ये संपलाय. आरसी बुकवर बँकेचा बोजा दिसतोय, पण कर्ज कधीच फिटलं असं तो सांगतो. फोटोत फेअरिंगवर, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचावर, एक ओरखडा नाही.

मी खानापूरचा, वय २८, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरला आहे. देसूर, मच्छे, पिरनवाडी करत रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. आत्ता वडिलांची जुनी स्प्लेंडर वापरतो. पगारातून दर महिन्याला सोसायटीत आरडी टाकत चार वर्षांत १ लाख ७५ हजार जमवलेत. एवढेच आहेत. कर्ज काढायचं नाही हे घरात कबूल करून बसलोय.

ही गाडी डोक्यात कशी बसली तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात चोर्ल्याकडे गेलो होतो. कणकुंबीला टपरीवर चहा घेत उभा असताना खालून एक आर-थ्री वर आली. पाऊस थांबलेला, रस्ता ओला, आणि त्या दोन सिलिंडरचा आवाज वळणामागून आधी आला, गाडी नंतर दिसली. तेव्हापासून दुसरी गाडी बघितली तरी मन तिथंच जातं. निंजा ३०० बघितली, केटीएमची आरसी ३९० एका मित्राची चालवलीसुद्धा. ती जोरदार आहे, पण एका सिलिंडरची थरथर मला हातात जाणवते.

वडील नाही म्हणत नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “नऊ-दहा वर्षांची गाडी घेतोस, कुणीतरी जाणता बरोबर ने.” माझ्या ओळखीत असं कुणी नाही. म्हणून इथे विचारतो. बेळगावात केए २२ पासिंगची अशीच गाडी २५-३० हजारांनी महाग आहे. मग एमएचची घेण्यात फायदा आहे ना? आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघू?

---

टर्नर_उद्यमबाग

भावा, मीपण उद्यमबागेतच आहे, लेथवर २२ वर्षं झाली. तुझं वाचून राहवलं नाही. मी जे भोगलो ते सांगतो, म्हणजे तुला कुठं बघायचं ते कळेल.

२०१९ साली मी २५० सीसीची एक सेकंडहँड गाडी घेतलो, एका डीलरकडनं. रंग नवा, फेअरिंग नवी, आरसे नवे. सगळं नवं बघून मला बरं वाटलं आणि तिथंच फसलो. चार वर्षांच्या गाडीला सगळं नवं का घातलंय, हे मी विचारलोच नाही. दोन दिवसांनी बायकोला घेऊन राजहंसगडला निघालो. येळ्ळूरकडच्या सरळ रस्त्यावर हँडलवरचा हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडं ओढायची. डीलरला फोन केलो तर म्हणाला हवा कमी असंल. हवा बरोबर होती. मग म्हणाला टायर बदला. टायर बदलून पण तेच.

शेवटी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन्ही पाइप उतरवून कारखान्यात नेलो. व्ही-ब्लॉकवर ठेवलो, मधोमध डायल टेकवलो आणि पाइप हातानं हळूहळू फिरवत गेलो. डोळ्याला पाइप एकदम सरळ दिसत होता. डायलचा काटा मात्र पॉइंट आठ मिलिमीटर गेला आणि परत आला. काटा पॉइंट आठ फिरला म्हणजे पाइप पॉइंट चार वाकलेला. मॅन्युअलमध्ये अशा पाइपला साधारण पॉइंट दोनची मर्यादा असते. दुसऱ्या पाइपचीपण तीच गत. मग हेडस्टॉकखालचं ग्रीस फडक्यानं पुसलो, तर स्टीअरिंगचा स्टॉपर डाव्या बाजूनं चेपलेला आणि त्याच्यावर ब्रशनं काळा रंग मारलेला. गाडी समोरून आपटलेली होती. पाइप, सील, कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग), मजुरी मिळून २६ हजार गेले. त्याहून जास्त वाईट वाटलं ते बायकोला मागं बसवून तीच गाडी पळवलो होतो त्याचं.

म्हणून तू गेल्यावर फेअरिंग बघू नको, आधी खाली वाक. हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळव. जिथं ते अडतं, तिथं फ्रेमवर आणि फोर्क धरणाऱ्या खालच्या टी-वर जो स्टॉपरचा गट्टू असतो त्याला बॅटरी मारून बघ. दोन्ही बाजूंना सारखा झिजलेला पाहिजे. एक बाजू चेपली असंल, तुटली असंल किंवा तिथला रंग बाकीच्या फ्रेमपेक्षा ताजा असंल, तर गाडी कितीपण सुंदर असू दे, परत ये. फेअरिंग बदलता येते, आरसे, लिव्हर, बार-एंड सगळं बदलता येतं. तो गट्टू फ्रेमला जोडलेला असतोय, तो कुणी बदलत नाही.

मग पुढचं चाक उचलायला सांग, पॅडॉक स्टँड नसला तर दोघंजण धरा. हँडल दोन बोटांनी हळू फिरव. मधोमध आल्यावर खटकन एका खाचेत बसल्यासारखं लागलं तर कोनसेट गेला. हे खर्चाचं काम आहे पण भीतीचं नाही, पैसे कमी करून घ्यायचे. फोर्कच्या पाइपवर तेलाची रिंग आहे का बघ. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या टोकाला धरून मागं ओढ, दात अर्धे उघडे पडले तर चेन-स्प्रॉकेट संपलं. ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्निअर घेऊन जा, तुझ्या स्टोअरमध्ये असंलच.

इंजिनाचं आता. आदल्या रात्री त्याला फोन करून सांग, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचलास की बोलायच्या आधी इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचंय, नाहीतर तुझं बोलणं त्यानं मनावर घेतलं नाही. दोन्हीपण बरं लक्षण नाही. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघड, चालू केल्यावर नको. कूलंट गढूळ, गंजलेलं किंवा त्यावर तेलाचा तवंग असंल तर सावध. मग चालू करून एका जागी उभी ठेव आणि फॅन सुरू होईपर्यंत हलू नको. बरेच लोक तेवढा वेळ थांबतच नाहीत. फॅन आपोआप लागला, थोड्या वेळानं बंद झाला, म्हणजे सेन्सर, फॅन, थर्मोस्टॅट तिघंपण कामाला आहेत. तेवढ्यात बॅटरीला मल्टिमीटर लाव. रेस जरा वाढवल्यावर १४ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. १२ वरच राहिलं तर चार्जिंगचं काम निघणार.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. १८१६ म्हणजे २०१६ सालचा १८ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नको. नऊ-दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतंय, आणि आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ते धरत नाही.

अजून एक. २०१६ साली कंपनीनं आर-थ्रीच्या काही गाड्या क्लचची प्रेशर प्लेट आणि ऑइल पंप बदलायला परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार, ही गाडी त्यात होती का आणि काम झालं का. सर्व्हिसच्या नोंदी तिथंच मिळाल्या तर २१,४०० चा आकडा खरा की फिरवलेला तेपण उघडं पडंल.

गाडी वाईट नाही. ३२१ सीसी, दोन सिलिंडर, ४२ पीएस, पाण्यानं थंड होणारं इंजिन, सांभाळलेलं असंल तर अजून कितीतरी वर्षं ऐकंल. फक्त तिची ताकद वरच्या आरपीएमला आहे. मच्छेजवळ ट्रकच्या मागं सहाव्यात रेंगाळलास आणि तिथनंच ओढशील म्हटलास तर ओढणार नाही, दोन गिअर खाली यायला पाहिजे. आणि २०१६ च्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊ न देणारी सोय नाही. आपल्याकडं आर-थ्रीला एबीएस आलं २०१८ ला. रोज त्या रस्त्यावरनं जाणार असशील तर ह्याचा विचार शांतपणे कर.

---

निपाणीचा_रायडर

टर्नर मामांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. कारण तुझा खरा प्रश्न तोच हाय : एमएचची स्वस्त पडती का?

आमच्या निपाणीत एकाच घरात एक गाडी केए २३ आणि एक एमएच ०९ असते. मामा कागलला, बहीण गडहिंग्लजला, सोयरिकी तिकडच्याच. आम्हाला ती शीव घरातनं जाणवतच नाही. आरटीओच्या खिडकीवर मात्र ती लई जाड हाय.

कायदा असा की, दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) पाहिजे, म्हणजे फॉर्म २८. ती मिळायला गाडीवर थकलेलं चलन नको, कर बाकी नको आणि बँकेचा बोजा असला तर बँकेची संमती पाहिजे. तुझ्या गाडीवर बोजा दिसतोय. कर्ज फिटलं असंल तर बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते, आणि मालकानं ते आरटीओत देऊन बोजा उतरवायचा असतोय. त्यानं अजून उतरवला नाही म्हणजे एक तर आळस, नाहीतर कर्ज बाकी. तोंडाचं ऐकू नको. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा, चलन, मालक कितवा, सगळं स्वतः बघ.

मी २०२१ ला अशीच एक एमएच गाडी घेतली. माणूस चांगला होता, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, मी सगळे पैसे दिले. त्यानंतर त्याला पुण्याला नोकरी लागली. एनओसीच्या कामाला ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा, सही जुळत नाही म्हणून परत बोलावणं यायचं, आणि तो रविवारशिवाय यायचा नाही. रविवारी ऑफिस बंद. पाच महिने गाडी दुसऱ्याच्या नावावर, चालवतोय मी. त्या काळात काही झालं असतं तर तो आणि मी दोघंही अडकलो असतो. त्याच्यावर माझा राग नाही. पैसे पूर्ण मिळाल्यावर कुणाचीपण घाई संपती, तुझी-माझीसुद्धा. म्हणून मोठी रक्कम एनओसी हातात पडल्यावरच द्यायची. टोकन द्यायचं तर थोडं, आणि कशासाठी दिलं ते लिहून, दोघांच्या सहीनं. गाडी ताब्यात घेतलीस त्या दिवसाची तारीख आणि वेळपण लिहून घे, आधीचं चलन त्याचं, नंतरचं तुझं.

आता पैशाचं. केए नंबर घेताना इथला लाइफ टॅक्स भरावा लागतो. कर्नाटकात एक लाखाच्या वरच्या नव्या दुचाकीला १८ टक्क्यांचा दर हाय. जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी होत जातोय, पण हिशोब धरतात गाडी नवी होती तेव्हाच्या किमतीवर. आर-थ्री नवीन आली तेव्हा शोरूमची किंमतच सव्वातीन लाख होती. तू देतोयस त्या दीड-पावणेदोन लाखांवर तो टॅक्स नाही, हे ध्यानात घे. बेळगाव आरटीओत जाऊन मॉडेल आणि पहिल्या नोंदणीची तारीख सांग, आकडा कागदावर लिहून आण, आणि मगच गडहिंग्लजची वाट धर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण ती खटपट वेगळी आणि त्यात वेळ जातो. त्या पैशावर आज हिशोब मांडू नको.

२५-३० हजारांची स्वस्ताई ह्यातच विरघळती का ते तूच मांडून बघ.

---

विमावाली_आक्का

खानापूरच्या भावा, तुझ्या प्रश्नातली एकच ओळ मला टोचली. विमा मार्चमध्ये संपलाय. मग रविवारी तू ही गाडी रस्त्यावर चालवून बघणार कशी?

मी चौदा वर्षं विम्याचं काम करते. ट्रायल मारताना झालेले अपघात मी बघितलेत. पाच मिनिटांचं काम म्हणून माणूस निघतो, आणि समोरून एखादी म्हातारी रस्ता ओलांडत येते. विमा नसेल तर तिची भरपाई गाडीमालकाच्या आणि चालवणाऱ्याच्या खिशातून जाते. तो खिसा म्हणजे तुझी चार वर्षांची आरडी. मालकाला सांग, आधी थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) काढा, मग मी येतो. १५० ते ३५० सीसीला वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये आहे, जीएसटी वेगळा. हजार-दीड हजारासाठी जो अडून बसतो, त्यानं सर्व्हिसला किती खर्च केला असेल याचाही अंदाज येतो. ३५० च्या वर तोच हप्ता २,८०४ आहे, म्हणजे आरसी ३९० घेतली असतीस तर दुप्पट. ही एक बाजू आर-थ्रीच्या पदरात.

जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. तुझ्या स्प्लेंडरची पॉलिसी वडिलांच्या नावावर असेल तर तिथलाही नाही. पॉलिसी नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा. आणि पॉलिसी एवढे महिने बंद असलेल्या गाडीला पूर्ण विमा हवा असेल तर कंपनी आधी तपासणी करते. तेव्हा फोटोत फ्रेम, काचा, नंबर सगळं येतं.

अजून एक विचारते, राग मानू नको. ही गाडी रोज उद्यमबागेला नेणार आहेस का? ५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. लिटरला २५ धरले तर ५० लिटर पेट्रोल. १०३ रुपयांनी ५,१५० रुपये. तेच स्प्लेंडरला ६० धरले तर २१ लिटर, २,१५० च्या आसपास. महिन्याला तीन हजारांचा फरक, तोही सर्व्हिस न धरता. स्प्लेंडर रोजच्या कामाला ठेव आणि ही रविवारची ठेव. ज्या गाडीवर इतका जीव आहे तिला मच्छेच्या धुळीत रोज झिजवायची कशाला?

दुकानातल्या नव्या गाड्यांचाही भाव बघून ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवीन स्वस्त झाल्यावर जुन्याचा भाव तोच कसा राहील? हे त्याला नम्रपणे विचार.

---

खानापूर_रोड

मंडळी, तुम्ही जे सांगितलं ते छापून खिशात घालून नेलं. आज सगळं लिहितो, कारण तुमचे उपकार फेडायचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

शनिवारी सुट्टी टाकून आरटीओत गेलो, टॅक्सचा आकडा लिहून घेतला. आक्का, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मालकाला विम्याचं सांगितलं. तो आधी कुरकुरला, पण काढला. रविवारी वडील म्हणाले, मीपण येतो. संकेश्वरला उतरून गडहिंग्लजची बस धरली.

पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावला. थंड होतं. मालक हसून म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं ना, हात लावला नाही.” माणूस सरळ निघाला. मग मी खाली वाकलो. मामा, वाचताना मला वाटलं होतं की तो स्टॉपर मला ओळखू येणार नाही. बॅटरी मारली आणि दिसला. दोन्ही बाजूंना सारखाच घासलेला, मूळ रंग, कडेला नऊ वर्षांची धूळ घट्ट बसलेली. मला एवढा आनंद झाला की वडिलांना वाकवून दाखवला. गाडी आपटलेली नव्हती.

फॅनसाठी उभे राहिलो. मालकाच्या आईने तेवढ्यात चहा आणला. चहा संपत आला तेव्हा फॅन लागला आणि मिनिटाभरात बंद झाला. मल्टिमीटरवर १४.१. कूलंट हिरवं, स्वच्छ. चेन ठीक. कोनसेटला मात्र मधोमध खाच होती, बोटांना स्पष्ट लागली. मागच्या टायरवर आकडे २२१६. म्हणजे गाडीबरोबर आलेला टायर अजून तोच. नक्षी निम्म्याहून जास्त, पण नख दाबलं तर रुतत नाही. पुढचा २०२१ चा.

चालवली. गडहिंग्लजच्या बाहेर चार किलोमीटर. सात हजारांच्या वर गेल्यावर तो आवाज आला, कणकुंबीचा. त्या चार किलोमीटरचं मी इथं जास्त लिहीत नाही.

घरात बसून कागद काढले. बोजा बँकेचा, आणि बँकेचं पत्र त्याच्याकडे नव्हतं. पहिल्या मालकाने कर्ज घेतलं होतं, फेडलं असं त्याने याला सांगितलं, याने ऐकलं आणि तसंच पुढे चाललं. म्हणजे नाव दुसऱ्याचं झालं पण बोजा तसाच राहिला, की कागदातच काही गोंधळ आहे, ते त्यालाही सांगता येईना. पहिला मालक आता कुठे आहे ते त्याला माहीत नाही. परिवहनवर तीन चलनंही निघाली, ती तो भरायला तयार होता.

मी वहीत बेरीज मांडली. तो शेवटी १ लाख ५२ हजारांवर आला होता. त्यात टॅक्स, दोन टायर, कोनसेट आणि आरटीओचा खर्च मिळवला तर दोन लाखांच्या जवळ जात होतं. माझ्याकडे पावणेदोन. वडिलांनी वही बघितली आणि काही बोलले नाहीत. मीच मालकाला म्हटलं, गाडी मला पसंत आहे, पण बोजा उतरल्याचा कागद येईपर्यंत टोकन देत नाही. तुम्ही तो आणलात तर मी पहिला फोन करीन. तो नाराज झाला नाही. म्हणाला, “मलाही आज कळलं की माझी गाडी अजून माझी झाली नाही.” ते ऐकून वाईट वाटलं. त्याला निपाणीच्या भावाने लिहिलेलं फॉर्म ३५ चं सगळं कागदावर उतरवून दिलं, त्याचं काम तरी सुटावं.

परतीच्या बसमध्ये हत्तरगी मागे पडेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मग वडील म्हणाले, “आपटलेली नाही हे तू कसं ओळखलंस ते परत एकदा सांग.” मी परत सांगितलं.

आता पुढचं. काल टिळकवाडीत एक गाडी कळली. आर-थ्रीच, २०१८ ची, एबीएसवाली, केए २२, पहिला मालक, बोजा नाही, विमा चालू, १८,००० किलोमीटर. २ लाख ५ हजार सांगतो. टॅक्स लागणार नाही, कागद शहरातल्या शहरात होतील. गडहिंग्लजच्या गाडीची पूर्ण बेरीज केली तर फरक थोडासाच राहतो आणि वर एबीएस मिळतं. तीस हजार कमी पडतात. त्यासाठी आणखी आठ-नऊ महिने आरडी चालवायची माझी तयारी आहे, आणि तोपर्यंत ती विकली गेली तर दुसरी बघीन. पण ही एकदा बघून यावी असं वाटतं. टर्नर मामा, या वेळी तुम्ही बरोबर याल का? वडिलांनीच विचारायला सांगितलंय.

---

निपाणीचा_रायडर

पहिला मालक आणि केए २२, मग फॉर्म २९ आणि ३० वर काम भागतंय. तरी परिवहनवर नंबर टाकल्याशिवाय पाय उचलू नको. आणि २ लाख ५ हा सांगायचा भाव हाय, द्यायचा नव्हं.

---

टर्नर_उद्यमबाग

येतो की. रविवारी सकाळी आठला तिसऱ्या रेल्वे गेटजवळ थांब, वडिलांनापण आण. मी डायल, व्हर्निअर आणि मल्टिमीटर घेऊन येतो. त्याला आजच फोन करून सांग, गाडी चालू करून ठेवू नको म्हणून.